बाकूच्या स्ट्रेटवर पायरी सापडली

राजेहो, रेघ बसली! वेगाच्या आलेखावरून काढलेली, 2021 च्या बाकूच्या फॉर्म्युला वन शर्यतीतल्या मर्सिडीज इंजिनवाल्या गाड्यांची ताकद पहिल्यांदाच एका जागी येते आहे. मर्सिडीज, मॅक्लॅरेन आणि ॲस्टन मार्टिन तर एकमेकींवरच बसल्या. विल्यम्स थोडी खाली आहे, पण तिचं नंतर पाहू. मागच्या लेखात याच चार गाड्या चार दिशांना पळत होत्या आणि विल्यम्सचं इंजिन खुद्द कारखाना संघाच्या इंजिनापेक्षा दणकट निघत होतं.

तसं निघणं शक्यच नव्हतं. 2018 पासून एफआयएची, म्हणजे मोटार शर्यतींच्या जागतिक संघटनेची, सक्तीच आहे की पुरवठादाराने गिऱ्हाईक संघाला स्वतःसारखंच इंजिन द्यायचं आणि ते त्याच सॉफ्टवेअरवर, त्याच पद्धतीने चालवायची मुभाही द्यायची. इंजिनाचा जोर मोजणारा टॉर्क सेन्सर एफआयए आणि संघांकडे, आपल्या हाती फक्त वेगाचा आलेख. त्यामुळे आपली पद्धत खरी की खोटी हे तपासायला हाच एक काटा. एकाच इंजिनाच्या चार गाड्या चार आकडे देत असतील, तर फेरारी भारी की होंडा, हे बोलण्यात अर्थच नाही.

पद्धत तीच. उभ्या अक्षावर वस्तुमान × त्वरण × वेग, आडव्या अक्षावर वेगाचा घन. रेघ उभ्या अक्षाला कापते तिथे चाकावरची ताकद, आणि रेघेचा उतार म्हणजे हवेचा विरोध. रेघ सरळ येते, कारण त्या इंजिनांना 10,500 आरपीएमच्या वर ताशी 100 किलोपेक्षा जास्त इंधन घेताच येत नाही. आठ गिअर असल्याने इंजिन बहुतेक वेळ त्याच पट्ट्यात फिरतं, म्हणून ताकद जवळपास स्थिर राहते. माझ्या स्प्लेंडरवर हे जमत नाही. चार गिअर, दर गिअरला ताकद पडते, रेघेऐवजी करवतीचे दाते निघतात. तिच्यावर फक्त न्यूट्रलमध्ये घसरत नेऊन हवेचा विरोध मोजता येतो. तेही नीट व्हावं म्हणून सेकंदाला दहा नोंदी देणारं जीपीएस मागवलं, तर आत पाचच्या पुढे न जाणारी जुनी चिप निघाली. विकणाऱ्याने फोन उचलणं बंद केलं आहे. तेव्हा मंडळी, स्वस्त मॉड्यूल घेताना चिपवरचा छाप भिंगाखाली पाहूनच पैसे द्या.

आता घोळ कुठे होता ते. फास्टएफवन या शर्यतींचा डेटा देणाऱ्या सॉफ्टवेअरमधून येणारा वेग पूर्णांकात असतो आणि नोंदी साधारण पाव सेकंदाच्या अंतराने. इंधनासह गाडी 800 किलोची धरा आणि वेग ताशी 300. एका नोंदीत ताशी 1 किमीचा फरक पडला की हिशेबात 75 किलोवॅटच्या आसपास, म्हणजे 100 अश्वशक्ती इकडची तिकडे होते. आणि आपण शोधतो आहोत दहा-वीस अश्वशक्तीचा फरक! एका फेरीवर विसंबून ‘अमक्याचं इंजिन 15 अश्वशक्तीने पुढे’ असं ठोकून देणाऱ्यांना म्हणूनच मी हात जोडतो. फेऱ्यांवर फेऱ्या रचल्या की हा गोंगाट बसतो, ते काम मागेच झालं होतं. (एक सूचना: वेगाचा कच्चा डेटा घ्या. जागेच्या डेटाशी जोडलेला घेतला तर मधल्या नोंदी अंदाजाने भरलेल्या असतात आणि त्वरण काढताना नुसत्या गाठी येतात.)

गोंगाट बसला तरी रेघेचं शेपूट वाकतच होतं. बाकूचा स्ट्रेट, म्हणजे सरळ पट्टा, दोन किलोमीटरचा, आणि शेवटी शेवटी सगळ्यांचे बिंदू खाली झुकायचे. ते शेपूट धरून रेघ ओढली की उतार वाढतो, उतार वाढला की अक्षावरचा आकडा फुगतो. ज्याचं शेपूट जास्त वाकलेलं त्याचं इंजिन ‘दणकट’. वाऱ्याचा वेग घातला, हवेची घनता तापमान-दाबावरून दर फेरीला बदलली, पुढच्या गाडीपासून तीन सेकंदांच्या आतल्या फेऱ्या गाळल्या. तसूभर फरक नाही.

या आठवड्यात आमच्या फीडरला थ्री फेज रात्रीची. पाणी लावून विहिरीजवळच्या खोलीत लॅपटॉप उघडला आणि बिंदू एकत्र न रचता फेरीनिहाय वेगवेगळ्या रंगात काढले. भाचा शेजारी बसला होता. त्याला एफ-वनमधलं काही कळत नाही, पण तो म्हणाला, “मामा, हे त एक फेज गेल्यावानी दिसते.” खरंच तसंच होतं. रेघ वाकत नव्हती, तुटत होती. ठरावीक वेगापर्यंत वरची रेघ, मग धपकन पायरी, आणि पुढे तिलाच समांतर खालची रेघ. पायरी दर फेरीला थोडी मागेपुढे, म्हणून सरासरीत तिचा गुळगुळीत बाक व्हायचा.

बॅटरीचा जोर संपला की एमजीयू-के, म्हणजे इंजिनाला जोड देणारी विजेची मोटर, हात आखडता घेते, हे आपल्या सगळ्यांनाच ठाऊक. पण ती पायरी मोजपट्टी म्हणून वापरता येईल हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. त्या नियमांत एमजीयू-केची कमाल ताकद 120 किलोवॅट, सगळ्यांना सारखी. म्हणजे दोन समांतर रेघांमधलं अंतर आपल्याला आधीच माहीत आहे! टाकीत इंधन किती, चाकांचं जडत्व किती, गिअरबॉक्समध्ये किती गळालं, या गोष्टी सगळ्या हिशेबाला एकाच पटीने खेचतात. पायरी 120 ची होईल अशी पट प्रत्येक गाडीला लावली, समांतर रेघांची अट घातली, आणि तीन गाड्या येऊन बसल्या. कुठे पायरीऐवजी उतरण असते, ताकद हळूहळू सोडलेली. त्या फेऱ्या बाजूला ठेवल्या आहेत. विल्यम्सची अडचण बहुधा तिथेच आहे, तिच्या स्वच्छ पायऱ्या फार कमी मिळाल्या.

हीच कसोटी आता बाकीच्यांना. फेरारीकडे तेव्हा स्वतःची गाडी, अल्फा रोमिओ आणि हास, म्हणजे तपासणी चांगली होईल. होंडाकडे रेड बुल आणि अल्फाटौरी. रेनॉचं मात्र अवघड आहे. मॅक्लॅरेन मर्सिडीजकडे गेल्यावर त्यांच्याकडे एकटी अल्पिन उरली, पडताळायला दुसरी गाडीच नाही. माझं मत विचाराल तर रेनॉचं नुकसानही यातच झालं. दोनच गाड्यांचा डेटा घेऊन आठ गाड्यांच्या मर्सिडीजशी झुंजायचं म्हणजे कठीणच.

पुढचा बेत 2019 आणि 2020 च्या फेरारीचा होता. फेब्रुवारी 2020 मधली, इंजिनाच्या चौकशीवरून एफआयएशी झालेली गुप्त तडजोड, इंधनप्रवाहाला दुसरा सेन्सर, आणि मग फेरारी थेट सहाव्या क्रमांकावर. रेघ किती खाली आली ते आता पट लावून काढता येईल. पण हे लिहिता लिहिताच दुसरं सुचलं आणि ते जास्त रसाळ आहे.

एमजीयू-केला 120 ची टोपी असेल, तर हायब्रिडच्या (बॅटरी-मोटरच्या) अपग्रेडने रेघ वर जाणारच नाही. पायरी पुढे सरकेल, बस. म्हणजे अपग्रेड उंचीत शोधायचं नाही, पायरी कोणत्या मीटरला येते त्यात शोधायचं. ब्राझीलच्या इंटरलागोसला 2021 मध्ये मर्सिडीजच्या हॅमिल्टनने पाच जागांचा दंड घेऊन नवं इंजिन बसवलं आणि सगळे ‘रॉकेट’ म्हणून ओरडले. ते अपग्रेड नव्हतं, न झिजलेलं इंजिन होतं, तिथे फरक दिसला तर उंचीतच दिसेल. रशियातल्या सोचीच्या 2021 च्या शर्यतीचं वेगळं. फेरारीचं नवं हायब्रिड तिथे फक्त लेक्लेअरच्या गाडीत होतं, त्यांच्या दुसऱ्या चालकाला, साइन्झला, ते पुढे तुर्कीत मिळालं. गाडी तीच, हवा तीच, शर्यत तीच, हायब्रिड मात्र वेगळं. याहून चांगली तुलना हातात पडणं कठीण.

तेव्हा 2019 सध्या बाजूला. 2026 चे नियम तर त्याहून लांब. तिथे एमजीयू-के 350 किलोवॅटची, नियमातच ताशी 290 किमीच्या पुढे तिची ताकद उतरत जाऊन 345 ला शून्य होते. म्हणजे स्वच्छ पायरी मिळणारच नाही, ठरलेली उतरण आधी वजा करावी लागेल.

सोचीत एक त्रास दिसतो आहे. लेक्लेअर दंडामुळे अगदी मागून सुटला आणि बराच वेळ गर्दीत अडकला, त्यामुळे तीन सेकंदांची मोकळी हवा त्याला क्वचितच मिळाली असेल. शेवटच्या पावसातल्या फेऱ्याही बाद. साइन्झ मात्र सुरुवातीला सगळ्यांत पुढे होता, त्याच्या स्वच्छ फेऱ्या भरपूर मिळाव्यात. लेक्लेअरसाठी अट दोन सेकंदांवर आणून पाहतो. पुढच्या गाडीच्या ओढीने उतार बदलतो, पायरीची जागाही थोडी सरकणार, म्हणून साइन्झच्याही दोन-तीन सेकंदांच्या अंतरातल्या फेऱ्या वेगळ्या काढून तेवढी ओढ वजा करीन. कुणी सोचीच्या फेऱ्या आधीच गाळून ठेवल्या असतील तर पाठवा, आमच्याकडे टॉवरची रेंज रात्री अकरानंतरच धड येते.