आईचे नऊ महिने

शनिवार, रात्री उशिरा

आज सकाळी आईने दुधाची पिशवी दातांनी फोडली. कात्री समोरच होती, पण कात्रीच्या कड्यात तिचा अंगठा आता जात नाही. उठल्यावर तास-दीड तास बोटं लाकडासारखी असतात, मग कोमट पाण्याच्या पातेल्यात हात बुडवून बसायचं. आमवात, म्हणजे शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर उलटते तो आजार, माझ्यापेक्षा वयाने मोठा आहे. काल रिपोर्ट आला, ईएसआर, म्हणजे अंगातली सूज सांगणारा रक्ततपासणीचा आकडा, परत वाढलाय.

मी पोटात होते तेव्हा तिचं दुखणं जवळजवळ थांबलं होतं, आणि मी तीन महिन्यांची झाले तोवर तिने अंथरूण धरलं होतं. घरातल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी निकाल देऊन टाकला: पोरीचा पायगुण. हे मी कळत्या वयापासून ऐकलं, आणि खरंही मानलं.

गेले काही दिवस रात्री जागून रक्तातल्या प्रतिपिंडांवर, म्हणजे रोगांशी लढणाऱ्या प्रथिनांवर, वाचतेय, ते त्यासाठीच. प्रतिपिंड म्हणजे नुसतं प्रथिन नव्हे. आयजीजी या इंग्रजी वाय आकाराच्या प्रतिपिंडाच्या देठावर, तिथल्या दोन्ही प्रथिन-साखळ्यांच्या २९७ व्या जागी, शर्करांचं एकेक चिमुकलं झाड असतं. त्याला बहुधा दोन फांद्या, टोकाला गॅलॅक्टोज (दुधाच्या साखरेतही असते ती शर्करा), त्याच्यावर कधी सायलिक आम्ल ही आणखी एक शर्करा. १९८५ साली ऑक्सफर्डच्या आणि जपानच्या संशोधकांनी मिळून दाखवलं की आमवाताच्या रुग्णांत बोडक्या फांद्यांची, म्हणजे टोकाचं गॅलॅक्टोज नसलेली प्रतिपिंडं पुष्कळ जास्त असतात. सायलिक आम्ल असलेली प्रतिपिंडं दाह शमवतात, हे पुढे उंदरांत दिसलं. यकृतातून येणाऱ्या प्रथिनांवरच्या शर्कराही सुजेत बदलतात, पण माझं मन या दोन फांद्यांपाशीच अडकलं.

आईला वहीत चित्र काढून दाखवलं. तिने लगेच विचारलं, "मग दूध जास्त प्यायचं का? माझी शुगर तर नॉर्मल आहे." दोन्हींचा इथे संबंध नाही. प्रतिपिंड घडवणारी पेशीच हे टोक आपल्या आत जोडते, कमी पडतं ते तिथे.

आणि गरोदरपणात हेच गॅलॅक्टोज वाढतं! फांद्या पुन्हा भरतात, बाळंतपणानंतर हळूहळू रिकाम्या होतात. गरोदर बायकांचा आमवात निवळतो हे फिलिप हेंच या अमेरिकन डॉक्टरांनी १९३८ मध्येच नोंदवलं होतं. पुढे कॉर्टिसोन या सूज उतरवणाऱ्या संप्रेरकावरच्या कामासाठी त्यांना १९५० चं नोबेल मिळालं. सगळ्याच जणींना असा आराम पडत नाही, आणि पडतो त्यामागे एकटी शर्कराच असते असंही नाही. पण दुखणं थांबणं आणि उलटणं, दोन्ही आईच्या रक्तात घडत होतं. मुलगा झाला असता तरी घडलंच असतं.

हे तिला सांगितलं तेव्हा माझा आवाज चढला होता. ती पातेल्यातल्या हातांकडे बघत बसली. मग म्हणाली, "त्या गणपतीत एकशे एक मोदक एकटीने वळले होते मी. प्रत्येकाच्या अकरा कळ्या. तुझ्या वेळचा सातवा महिना लागला होता."

पाणी गार झालं होतं. मी दुसरं आणून ठेवलं.