ईओएफनं खाल्लेला दिवस

२०११ चा ऑक्टोबर. कारखान्याचा बॉयलर पेटला होता आणि गव्हाणीत मोळी पडायला बारा दिवस उरले होते. ऊस वजनकाट्याचा प्रोग्रॅम मी सांभाळतो: भरलेलं वाहन, रिकामं वाहन, निव्वळ वजन, पावती. तोवर सगळी नोंद काट्यावरच्याच पीसीवर, अ‍ॅक्सेसच्या फाइलमध्ये, डीएओ या डेटाबेसशी बोलणाऱ्या जुन्या लायब्ररीमधून होत होती. त्या वर्षी ठरलं, वजन थेट मुख्य ऑफिसच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसला गेलं पाहिजे. म्हणून मी त्याच कामाची नवी लायब्ररी, एडीओ, घ्यायचं ठरवलं.

व्हिज्युअल स्टुडिओ २००८ उघडलं आणि मुख्य हेडरमध्ये एक ओळ टाकली: हॅश इम्पोर्ट, एमएसएडीओ१५.डीएलएलचा (एडीओ याच फाइलमध्ये असतं) पूर्ण पाथ, शेवटी नो-नेमस्पेस, म्हणजे एडीओमधली नावं पुढे काही न लावता वापरायची. बिल्ड केलं तर एररची रांग लागली. सगळ्यात वर कोडचा प्रोग्रॅम बनवणाऱ्या कंपायलरची एरर सी२६२९, 'अनएक्स्पेक्टेड शॉर्ट' आणि त्यापुढे एक उघडा कंस. लगेच खाली सी२२३८. दोन्ही एमएसएडीओ१५.टीएलएच नावाच्या फाइलमधल्या, आणि ही फाइल मी लिहिलेलीच नव्हती.

मी पाथ तीनदा तपासला. डीएलएल पुन्हा रजिस्टर केली. प्रोजेक्ट क्लीन करून परत बिल्ड केला. सकाळचे दहा वाजल्यापासून चारपर्यंत हेच. डीएलएलच बिघडली असणार, असं मनानं घेतलं होतं आणि त्यापलीकडे विचारच जात नव्हता.

चारनंतर ती टीएलएच फाइल उघडली. हे आधीच करायला हवं होतं. इम्पोर्टची ओळ दिसली की कंपायलर डीएलएलमधली टाइप लायब्ररी, म्हणजे आत काय काय आहे त्याची यादी, वाचतो आणि डीबग फोल्डरमध्ये दोन फाइली तयार करतो, टीएलएच आणि टीएलआय. टीएलएचमध्ये क्लास आणि प्रॉपर्ट्यांची घोषणा असते, टीएलआयमध्ये त्यांचं छोटं छोटं कोड. एररवर डबल क्लिक केलं तर कर्सर रेकॉर्डसेटच्या (डेटाबेसमधून आलेल्या नोंदींचा संच) एका प्रॉपर्टीवर जाऊन थांबला. प्रकार व्हेरियंट-बूल (हो किंवा नाही), नाव ईओएफ, म्हणजे नोंदी संपल्या का.

ईओएफ! सी भाषा शिकताना पहिल्या महिन्यात भेटलेला मॅक्रो, म्हणजे ज्याच्या जागी दुसरं काही बसवलं जातं असा शब्द. एसटीडीआयओ.एच मध्ये त्याची किंमत कंसातलं उणे एक. कंपायलरच्या आधी कोडवरून फिरणाऱ्या प्रीप्रोसेसरला अर्थ कळत नाही, तो दिसेल तिथं शब्द बदलतो. त्यामुळे प्रॉपर्टीच्या नावाच्या जागी कंपायलरला कंसातलं उणे एक मिळत होतं. आणि व्हेरियंट-बूल हा आतून शॉर्टच, म्हणून मेसेजमध्ये शॉर्ट आणि उघडा कंस. मेसेजचा शब्द न् शब्द बरोबर होता. त्या क्षणी जो आनंद झाला, तो अजून आठवतो.

इम्पोर्टच्या ओळीतच रिनेम लिहून ईओएफला एंडऑफफाइल नाव दिलं. रेकॉर्ड फिरवणाऱ्या लूपमध्येही तेच नाव. नोंदींची सुरुवात सांगणाऱ्या बीओएफला हात लावावा लागला नाही, त्या नावाचा मॅक्रो तिथं नव्हता.

मग सी२०११ आलं: एडिटमोडइनम, लॉकटाइपइनम पुन्हा घोषित झालेत. जुनं डीएओचं हेडर अजून जागेवर होतं आणि दोन्हीकडे तीच नावं. नो-नेमस्पेस काढून टाकलं, सगळीकडे पुढे एडीओडीबी हे एडीओच्या नेमस्पेसचं नाव लावलं. अर्ध्या तासात स्वच्छ बिल्ड.

दुसऱ्या दिवशी तयार प्रोग्रॅमची फाइल, एक्सई, काट्यावर पाठवली. काट्यावरच्या अण्णांचा फोन आला, "सर, कनेक्शनला थांबतंय, 'नो सच इंटरफेस' म्हणतंय बघा." माझ्या मशीनवर तीच एक्सई सुरळीत चालत होती. माझ्याकडे विंडोज ७, सर्व्हिस पॅक १ टाकलेलं. काट्यावर एक्सपी.

या वेळी मात्र आधी टीएलएच उघडली. एक्सपीवरची डीएलएल पेनड्राइव्हवर आणली, तिच्यावरूनही टीएलएच तयार करून घेतली आणि दोन्ही फाइली शेजारी शेजारी लावल्या. कनेक्शन इंटरफेसचा (प्रोग्रॅम ज्यातून एडीओशी जोडला जातो तो भाग) आयडी जुन्यात ०००००५५० नं सुरू होत होता, माझ्याकडच्यात ००००१५५० नं. सर्व्हिस पॅक १ मध्ये एडीओच्या काही इंटरफेसचे आयडी बदलले होते. माझी एक्सई नवा आयडी मागत होती आणि एक्सपीला तो माहीतच नव्हता. कंपायलरला यात काही चूक दिसणं शक्य नव्हतं.

एक्सपीवरची ती डीएलएल प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ठेवली आणि इम्पोर्टचा पाथ तिकडे वळवला. वर मराठीत तीन ओळींची कॉमेंट लिहिली: ही प्रत का, कुठून आणली, आणि ती काढून सिस्टिममधली लावली तर काट्यावर काय होईल. माझ्यानंतर हा प्रोजेक्ट उघडणाऱ्यानं तो दिवस पुन्हा घालवू नये, एवढंच मनात होतं.

मोळी पडली त्या दिवशी मी काट्याच्या खोलीतच बसून होतो. पहिला ट्रॅक्टर रिकामा होऊन परत आला, अण्णांनी एंटर दाबलं, पावती बाहेर आली. मी मुख्य ऑफिसला फोन लावला. नोंद तिकडे पोचली होती.