तिसऱ्या वळणावर दम धरताना

ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किट या रेस ट्रॅकला 16 वळणं आहेत, पण गेल्या हिवाळ्यात ट्रॅक डेला, म्हणजे आपली मोटरसायकल ट्रॅकवर चालवायच्या दिवशी, माझं भांडण एकाशीच होतं. तिसरं वळण. चढावरचं, उजवं, घट्ट. आणि ते सुटलं की समोर किलोमीटरभराहून लांब सरळ पट्टा.

सकाळच्या सत्रात मला वाटलं, मस्त चाललंय. वेगात आत शिरायचो, कर्ब, म्हणजे वळणाच्या आतल्या कडेची रंगीत पट्टी, लवकर गाठायचो. पण वळण निम्मं होईपर्यंत गाडी डाव्या कडेकडे पळायला लागायची, आणि जिथे थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटर) उघडायचा तिथेच मी तो मिटून बसायचो. माझ्यासारखीच केटीएमची आरसी 390 मोटरसायकल घेऊन आलेला कोल्हापूरचा मित्र दर लॅपला त्या पट्ट्यावर मला मागे टाकत होता. पिटमध्ये म्हणाला, "तू लई लवकर आत घुसतोयस गा. जरा दम धर की."

लवकर वळायची ही ओढ भीतीतून येते. बाहेरची कडा अंगावर येतेय असं वाटतं आणि हात आपोआप आत ओढतात. ताम्हिणीत वर्षानुवर्षं चालवूनही माझी ती सवय गेली नव्हती.

जेवणाच्या सुट्टीत वहीत आकडे मांडले. टायरची रुंदी सोडून दिली तर 45 अंश झुकलेली गाडी ताशी 72 किलोमीटरला साधारण 41 मीटर त्रिज्येचं वळण घेते. त्रिज्या 50 मीटर मिळाली तर तेवढ्याच झुकावात वेग 80 होतो. म्हणून ट्रॅकची सगळी रुंदी वापरायची: डावी कडा, आतला कर्ब, पुन्हा डावी कडा. पण पुढे लांब पट्टा असेल तेव्हा एवढ्यावर भागत नाही. तिथे एपेक्स, म्हणजे गाडी आतल्या कडेच्या सगळ्यात जवळ येते ती जागा, मुद्दाम उशिरा घ्यायचा. आत शिरताना थोडा वेग जातो, पण गाडी लवकर उभी होते, आणि उभ्या गाडीचं मागचं टायर थ्रॉटल सोसतं. झुकलेल्या गाडीला तोच थ्रॉटल दिला तर ती बाहेर तरी पळते, नाहीतर मागून सटकते.

माझ्या मते लाइन, म्हणजे वळणातून जायची वाट, मागून आखावी. पट्ट्यावर कुठे बाहेर पडायचंय ते आधी, मग एपेक्स, मग वळायची जागा, आणि ब्रेक लावायची खूण सगळ्यात शेवटी. इथे तर त्याही मागे जावं लागतं. दुसरं वळण डावं, त्यामुळे त्यातून सुटताना गाडी उजवीकडे वाहते आणि तिसऱ्यासाठी हवी असते डावीकडे. म्हणून दुसऱ्यातला थोडा वेग सोडून द्यायचा. हे पटायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. हातातला वेग सोडवत नाही.

एक गोष्ट मोटारवाल्यांपेक्षा वेगळी. उजवीकडे झुकल्यावर माझं डोकं आणि खांदा चाकांच्या बराच आत असतो. चाकं कर्बला चिकटवली तर अंग कर्बच्या पलीकडे. त्यामुळे एपेक्सची खूण चाकाने गाठायची नाही, डोक्याने गाठायची.

अर्थात एकच लाइन सगळ्या गाड्यांना चालत नाही. मोटोजीपी या मोटरसायकल शर्यतींत यामाहावरचा होर्हे लोरेन्सो लांब, गोल लाइनने वळणातला वेग जपायचा. मार्क मार्केस उशिरापर्यंत ब्रेक धरून गाडी झटकन वळवतो आणि उभी करून पळतो. माझ्या छोट्या गाडीत गेलेला वेग परत मिळवायची ताकद कमी, म्हणून एरवी मी लोरेन्सोच्या बाजूचा. तिसऱ्या वळणापुरता नाही.

शेवटच्या सत्रात मी वळायची जागा दोन गाड्यांच्या लांबीने पुढे ढकलली. नजर कर्बवरून उचलून पट्ट्याकडे नेली आणि ब्रेक हळूहळू सोडत आत गेलो. कर्ब उशिरा आला. थ्रॉटल उघडला तो पुन्हा मिटावा लागला नाही, आणि डावी कडा आली तेव्हा गाडी जवळजवळ उभी होती. पट्ट्याच्या मध्यावर वेग सकाळपेक्षा पाचने जास्त दिसला. मित्र अजून पुढेच होता, पण आता त्याच्या गाडीची नंबरप्लेटची जागा मला दिसत होती.

आता दहावं-अकरावं राहिलंय. लांबच लांब उजवं वळण, तिथे दम कुठे धरायचा ते अजून सापडलेलं नाही.