डबीतला कापूस
आज एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात त्या केंद्रात, एक ताई आल्या. व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) वाढलेला, फाइलवर शेरा: 'गोळ्या चुकवतात'. निवांत बोलत बसलो तेव्हा कळलं, डबी वाजू नये म्हणून त्या आत कापूस कोंबतात आणि ती तांदळाच्या डब्यात लपवतात. सासूबाई स्वयंपाकघरात असल्या की त्या दिवशीची गोळी राहिलीच. आता यात औषध बदलून काय होणार?

२००४ पासून सरकारी केंद्रांत ही औषधं मोफत मिळतात. आता तर बहुतेकांना दिवसाला एकच गोळी. पण ती तोंडापर्यंत पोचायच्या वाटेत भीती, लाज, सासर, नैराश्य सगळं आडवं येतं, आणि ते रक्ताच्या रिपोर्टमध्ये दिसत नाही. तिथे आम्हा मानसशास्त्रवाल्यांचं काम. (नातेवाईक अजून विचारतात, "नुसतं बोलायचा पगार मिळतो?" मिळतो हो, कधीकधी वेळेवरही!)

शेवटी ठरलं: गोळी रात्री, मोबाइल चार्जिंगला लावताना. डबी शिलाई मशीनच्या खणात, तिथे कुणी हात घालत नाही. नवऱ्याचीही औषधं इथूनच चालू आहेत, पण घरी दोघं या विषयावर चकार शब्द काढत नाहीत. पुढच्या वेळी त्यांनाही आणा म्हटलं. तीन महिने समुपदेशन, मग पुन्हा व्हायरल लोड.

(ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)