शॉट ते बोट : या मोसमाची नोंद, शार्कसकट

श्वास रोखून बुडी मारायची आणि गनमधून भाला सोडून मासा मारायचा, हे आमचं स्पिअरफिशिंग. या मोसमात बुडीची खोली वाढवायची नाही असं ठरवलं होतं. पंधरा-अठरा मीटरवर शांतपणे थांबता येतं, तेवढं मला पुरतं. मेहनत घ्यायची होती ती भाला सुटल्यापासून मासा बोटीत पडेपर्यंतच्या वेळावर. ब्रिस्बेनहून आम्ही ज्या पाण्यात जातो तिथे शार्क आहेतच. मासा तडफडू लागल्यावर ते किती वेळात पोचतात आणि तोवर आपण काय उरकलेलं असतं, यावर सगळं अवलंबून आहे.

शार्क रक्ताच्या वासानं येतात असं आपण सगळेच ऐकत आलोय. वासाचा भाग आहेच, पण वास प्रवाहाबरोबर पसरतो, त्याला वेळ लागतो. आवाज लगेच पोचतो. डोनाल्ड नेल्सन आणि सॅम्युएल ग्रुबर यांनी फ्लोरिडाच्या समुद्रात पाण्याखाली स्पीकर सोडून प्रयोग केले होते, 1963 मध्ये ते 'सायन्स' या नियतकालिकात छापून आले. साधारण 20 ते 60 हर्ट्झचे, तुटक तुटक येणारे आवाज लावले की मोठे शार्क येत. तोच खालचा सूर सलग लावला तर येत नसत. जखमी माशाची धडपड नेमकी अशीच तुटक असते. पोटात भाला बसलेली सुरमई म्हणजे भर समुद्रात वाजवलेला ताशा. हे डोक्यात पक्कं बसल्यापासून माझं मासेमारीचं गणितच बदललं.

बारवन बँक्स (भर समुद्रातला पाण्याखालचा उंचवटा), एप्रिल. ब्रिस्बेनच्या उत्तरेकडच्या मूलूलाबाहून अंधारातच निघालो. बँक्सवर निळंशार पाणी, उत्तरेकडून जोरदार करंट. फ्लॅशर (मासे जवळ यावेत म्हणून पाण्यात सोडायच्या चमकत्या पट्ट्या) सोडले आणि नेहमीप्रमाणे एक खाली, एक वर असं सुरू केलं. सुरमया आल्या त्या माझ्या डाव्या हाताला, थोड्या खालून. (आपल्या कोकण किनाऱ्यावरची सुरमई आणि इथली स्पॅनिश मॅकरेल हा एकच मासा आहे, हे नव्यानं येणाऱ्या मंडळींना मी आवर्जून सांगतो.) नेम कण्याचा होता, पण मासा वळला आणि भाला कण्याच्या खाली, मऊ भागात बसला. फ्लोट लाइन, म्हणजे भाल्यापासून वरच्या फ्लोटपर्यंतची दोरी, सरसर पळायला लागली.

मी वर आलो, दोन श्वास घेतले आणि लाइन ओढायला लागलो. पहिला व्हेलर (शार्कचाच एक गट) दिसला तेव्हा मासा अजून बराच लांब होता. तो घाईत नव्हता. त्याच्या मागून दुसरा आला, आणि मग खालच्या निळ्यातून तिसरा. हा तिसरा बुल शार्क होता, रुंद खांद्यांचा, आखूड तोंडाचा, अडीच मीटरच्या वर नक्की. दोघं व्हेलर माशाकडे गेले. बुल शार्क माझ्याकडे वळला.

त्या क्षणी काय वाटतं ते मला स्पष्ट लिहायचंय, कारण आपल्यात याबद्दल फार कमी बोललं जातं. पोटात खड्डा पडतो. पाय आपोआप जोरात मारावेसे वाटतात. पाठ फिरवून बोटीकडे सुटावं एवढा एकच विचार उरतो. आणि तीच गोष्ट करायची नसते, कारण पाठ दाखवून पाणी उडवत पळणारा प्राणी शार्कला भक्ष्यच वाटतो. मी त्याच्याकडे तोंड केलं, रिकामी गन सरळ धरली आणि एक फिन मारून त्याच्याच दिशेनं सरकलो. गनच्या लांबीइतक्या अंतरावर तो वळला. त्याचा डोळा माझ्यावर होता, हे मी शपथेवर सांगेन. तेवढ्यात पाठीला पाठ लागली, जोडीदार पोचला होता. त्यानं मागची बाजू घेतली, मी पुढची, आणि तसेच हळूहळू फिरत बोटीपर्यंत आलो. लाइन ओढली तेव्हा भाल्यावर सुरमईचं डोकं तेवढं शिल्लक होतं. इथले लोक याला टॅक्स भरणं म्हणतात.

बोटीत बसल्यावर हात किती तरी वेळ थरथरत होते. त्या जागी परत उतरलो नाही, दूर जाऊन नांगर टाकला.

त्यानंतरच्या महिन्यांत प्रगती झाली ती इथे : मासा आडवा, जवळ आणि संथ असेल तरच ट्रिगर. वळणाऱ्या माशावर भाला नाही, मग तो कितीही मोठा असो. नेम डोळ्यामागच्या कण्यावर, म्हणजे मासा जागच्या जागी स्टोन होतो, न तडफडता गार पडतो, आणि आवाजच होत नाही. तसा झाला नाही तर हातात येताच इकीजिमे, डोळ्यांच्या मागून मेंदूत सुरीचं टोक. आणि मासा एका क्षणासाठीही कमरेला किंवा फ्लोटला लटकवायचा नाही, थेट बोटीत. 2023 पासून क्वीन्सलँडमध्ये माणशी एकच सुरमई ठेवता येते आणि बोटीवर जास्तीत जास्त दोन, त्यामुळे घाईला तसंही कारण नाही. मोसमाच्या शेवटी शेवटी अशा सुरमया बोटीत आल्या की ज्यांच्या मागे एकही शार्क आला नाही. माझ्यासाठी हे कोणत्याही वजनापेक्षा मोठं आहे.

लाइन स्वतःला न बांधण्याबद्दल मी जरा हट्टानं बोलतो, त्याचं कारण रॉडनी फॉक्स. 8 डिसेंबर 1963, साउथ ऑस्ट्रेलियातला अल्डिंगा बीच, स्पिअरफिशिंगची राज्य स्पर्धा. ग्रेट व्हाइटनं त्यांना छातीपाशी धरलं. ते कसेबसे सुटून वर आले, तर शार्कनं मासे लटकवलेला त्यांचा फ्लोट गिळला आणि दोरीनं बांधलेले फॉक्स पुन्हा खाली ओढले गेले. दोरी तुटली म्हणून ते वाचले. पुढे त्यांनी शार्क पाहण्यासाठी पिंजरा बनवला आणि आयुष्यभर ग्रेट व्हाइटच्या बाजूनं बोलत राहिले. या माणसाबद्दल मला अपार आदर आहे. आपल्या बेल्टवर आज जे क्विक रिलीज (एका ओढीत सुटणारं बक्कल) असतं, त्याकडे बघताना मला ती दोरी आठवते.

ग्रेट बॅरियर रीफच्या दक्षिण टोकाकडच्या स्वेन रीफ्सची ट्रिप वेगळी होती. ग्लॅडस्टोनहून रात्रभर बोटीचा प्रवास, आणि तिथे ग्रे रीफ शार्क. आकारानं लहान, पण भिडस्त अजिबात नाहीत. एका खडकाच्या घळीत कोरल ट्राउट मासा शोधताना एक शार्क माझ्यासमोर आला आणि विचित्र पोहायला लागला : पाठीला बाक, छातीचे पर खाली ताणलेले, डोकं दोन्ही बाजूंना जास्तच हलवत. जॉन्सन आणि नेल्सन यांनी 1973 मध्ये या हावभावांचं वर्णन केलंय. कोंडी झाली असं वाटलं की ग्रे रीफ ही ताकीद देतो आणि ती ऐकली नाही तर चावू शकतो. इथे पुढे सरकणं चुकीचं ठरलं असतं. मी त्याची बाहेरची वाट मोकळी केली, नजर न हटवता खडकाला धरून मागे गेलो, आणि तो निघून गेला. बुल शार्कसमोर जे चाललं ते इथे चालत नाही. म्हणून शार्क कोणता आहे हे ओळखता आलंच पाहिजे.

शार्कला दूर ठेवणाऱ्या विजेच्या उपकरणांबद्दल बरेच जण विचारतात. 2018 च्या अभ्यासात सर्फबोर्डवरच्या एका उपकरणामुळे ग्रेट व्हाइटनं आमिष घेण्याचं प्रमाण 96 टक्क्यांवरून 40 वर आलं होतं. उपयोग आहे, पण 40 म्हणजे शून्य नव्हे. मी वापरत नाही, वापरणाऱ्याला अडवतही नाही.

बोटीत मात्र दोन टूर्निके (रक्त थांबवायला हातापायाला आवळायचे पट्टे) आहेत आणि बोटीवर येणाऱ्या प्रत्येकाला ते बांधता आले पाहिजेत, ही अट आहे. टूर्निके हाताशी नसेल तर जांघेत, म्हणजे पाय धडाला मिळतो त्या घडीच्या मध्यावर, मूठ रोवून पूर्ण वजन टाकायचं. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतल्या डॉक्टरांनी 2021 मध्ये हे तपासलं : मुठीनं पायाकडचा रक्तप्रवाह सुमारे 90 टक्के थांबला, सर्फबोर्डच्या दोरीच्या टूर्निकेनं निम्माही नाही. जुलै 2020 मध्ये फ्रेझर आयलंडच्या (आताचं नाव क'गारी) इंडियन हेडजवळ आपल्यासारखाच एक स्पिअरफिशर पायाला झालेल्या चाव्यानं गेला. तेव्हापासून मी हे प्रत्येक ट्रिपला बोटीतच, कोरड्या कपड्यांवर करून दाखवतो.

पुढच्या मोसमासाठी फ्लोट लाइन आखूड करतोय आणि तिला बंजी (ताणली जाणारी रबरी दोरी) जोडतोय, म्हणजे मासा लांब पळणार नाही. स्वेन्सला जाताना दोघांऐवजी तिघांची जोडणी ठेवणार : एक खाली, एक वर लाइनवर, आणि तिसऱ्यानं गन बाजूला ठेवून फक्त मागचं पाणी बघायचं. ही पद्धत कुणी वापरून पाहिली असेल तर तिसऱ्याची पाळी किती वेळानं बदलता, ते जरूर सांगा.