स्ट्रट बार घरी बनवताना: पाइप जाड नको, सरळ हवा

मॅकफर्सन स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉक अब्सॉर्बर एकाच खांबात असलेल्या) हॅचबॅकला पुढचा स्ट्रट बार, म्हणजे बॉडी लवू नये म्हणून बॉनेटखाली दोन्ही स्ट्रटची वरची टोकं जोडणारा आडवा दांडा, बनवायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो तो पाइप किती जाड घ्यायचा याचा. त्याआधी पाइप बॉनेटखाली कोणत्या वाटेने न्यायचा ते ठरवा, कारण बार चालतो की नुसता शोभेचा राहतो हे तिथेच ठरतं.

हिशोब असा. बाहेरून २५.४ मिमी, २ मिमी भिंतीचा एमएस (साध्या पोलादाचा) पाइप, लांबी १ मीटर. टोकांवर ३०० किलोचा दाब आला तर सरळ पाइप जेमतेम ०.१ मिमी आखडतो. तोच पाइप इंजिन चुकवायला जवळजवळ पूर्ण लांबीभर ६० मिमी वर उचलून नेला आणि दोन्ही टोकं एकेका बोल्टवर असली, तर तो धनुष्यासारखा वाकतो आणि टोकं ५ मिमीच्या आसपास जवळ येतात. पन्नासपट फरक! सव्वा इंची पाइप घेतला तरी अडीच मिमी उरतातच. म्हणून एअर इनटेकचा पाइप किंवा बॅटरीचा क्लॅम्प थोडा सरकवून सरळ वाट मिळत असेल तर ती खटपट आधी करा. वाकवल्याशिवाय जमतच नसेल तर बाक कमीत कमी ठेवा आणि पाइप मोठ्या व्यासाचा घ्या. अशा वेळी भिंत जाड करण्यापेक्षा व्यास वाढवण्याचा फायदा कितीतरी जास्त.

सुरुवातीलाच एक गोष्ट बघून घ्या. स्ट्रट टॉपचे दोन-तीन स्टड (आटे असलेले उभे दांडे) बॉडीच्या पत्र्यातून वर आलेले असतील तरच पुढे जा. काही गाड्यांत मधला एकच नट दिसतो आणि तो रबरावर तरंगत असतो. त्याला बार जोडला तर रबर हलेल, बॉडी होती तशीच लवत राहील.

माप घेताना गाडी सपाट जमिनीवर, चारही चाकांवर उभी हवी. जॅकवर घेतलेलं माप गाडी खाली टेकल्यावर जुळत नाही. स्टडच्या जागा पुठ्ठ्यावर दाबून उमटवा, पुठ्ठा कापून बसवून बघा आणि मगच ५ मिमी प्लेट कापायला द्या. नट पूर्ण बसून वर निदान दोन आटे दिसले पाहिजेत. स्टड आखूड असतील तर ३ मिमी प्लेट घेऊन तिला कडेने पट्टी उभी वेल्ड करा.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते पुढच्या टप्प्यावर. दोन्ही टॉवर (स्ट्रटचं वरचं टोक जिथे बसतं ते बॉडीचे उंचवटे) थोडे आत कललेले असतात, त्यामुळे डावीकडचे आणि उजवीकडचे स्टड समांतर नसतात. प्लेट, पाइप, प्लेट असं सगळं एकत्र वेल्ड केलं तर टेबलावर अगदी बरोबर दिसणारा बार गाडीत उतरतच नाही. मग भोकं कानशीने लांबट केली जातात आणि तिथेच कामाची माती होते. त्यापेक्षा प्रत्येक प्लेटवर ६ मिमी पट्टीचे दोन उभे कान वेल्ड करा, पाइपाच्या टोकाला बुश (बोल्ट जाईल अशी छोटी नळी) द्या आणि दर बाजूला ८.८ ग्रेडचा एम १० बोल्ट आडवा घाला. प्लेटा गाडीवर कसल्यावर दोन बोल्टमधलं अंतर मोजा, तेवढ्याच अंतरावर एका जाड अँगलला दोन पिना लावा आणि पाइप त्या जिगवर (साच्यावर), गाडीपासून लांब, वेल्ड करा. बॉनेटखाली पेट्रोलची लाइन आणि वायरिंग असताना तिथे टाका मारायचाही नाही.

भोकाच्या मापात हयगय नको. आधी ९.८ चं ड्रिल, मग १० चा रीमर (भोक नेमक्या मापाला आणणारं हत्यार). भोक ११ चं झालं आणि बोल्ट जरा ढिला पडला, की ०.१ मिमी वाचवायला बनवलेला बार १ मिमी आपसूक सरकतो. बोल्टचा आटे नसलेला भाग कानांत यायला हवा.

वेल्डिंगला सीओटू मशीन (गॅस आणि वायरचं) असेल तर ०.८ ची वायर. साध्या मशीनवर २.५ मिमीचा ६०१३ रॉड, ६० ते ८० अँपिअर, ३.१५ चा रॉड २ मिमी भिंतीला भोक पाडतो. पाइपाचं तोंड बुशच्या गोलाईला बसेल असं घासा, फट १ मिमीच्या आत ठेवा. प्लेट १२ मिमीच्या लोखंडी पाटावर क्लॅम्प करून आलटूनपालटून टाके मारा, नाहीतर कानांच्या ओढीने ती वाटीसारखी होते. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पाइप वापरू नका. जस्ताच्या धुराने ताप भरतो.

रंग सगळीकडे द्या, पण नटाखाली, प्लेटच्या खालच्या बाजूला आणि कानांच्या आत नको. तिथे पातळ प्रायमर पुरे. पावडर कोटिंगचा जाड थर दाबाने बसत जातो आणि टॉर्क (नट कसल्याचा जोर) निघून जातो.

बॉनेट अडतं का हे बघायला घट्ट मळलेली कणीक प्लास्टिकच्या पिशवीत घालून पाइपावर तीन-चार ठिकाणी ठेवा, बॉनेट हलकेच पूर्ण लावा आणि उघडून चपटलेल्या कणकेची जाडी मोजा. १२ ते १५ मिमी तरी हवी. त्याहून जास्त मिळाली तर उत्तमच, कारण पादचाऱ्याला धडक बसली तर बॉनेटला खाली दबायला तीच जागा असते. इंजिन माउंटवर झुलतं, त्यामुळे त्याच्या बाजूने २५ मिमी सोडा.

बॉडीला नवीन भोक पाडायचं नाही, मूळ पत्र्याला वेल्ड करायचं नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ हे एक कारण, आणि टॉवरचा पत्रा तापवला की त्याची ताकद जाते हे त्याहून मोठं कारण. स्ट्रटचे नट गाडीच्या मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच कसा, कानांतले बोल्ट ४५ एनएमवर (न्यूटन-मीटर), नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, सहज न सुटणारे) लावून. टोकांना रॉड एंड (आट्यांवर फिरवून लांबी कमीजास्त करता येणारे सांधे) वापरले असतील तर हाताने फिरवून सैलपणा काढा. पाना लावून टॉवर फाकवले तर कँबर (चाकाचा आत-बाहेर कल) बिघडतो.

शेवटी प्रत्येक नटावरून प्लेटपर्यंत पेंट मार्करची एक रेघ ओढा. शंभर किलोमीटरनंतर बॉनेट उघडून बघा. रेघ तुटलेली दिसली तर नुसता नट कसून पुढे जाऊ नका, प्लेट काढून तिच्याखाली रंग राहिलाय का ते बघा.