तीन हंगाम, सोळा विजय

खेळांच्या जुन्या गुणतक्त्यांत रमणाऱ्या माणसाला विजेत्यांच्या ओळीपेक्षा तळाची ओळ अधिक वाचनीय वाटते. निदान मला तरी वाटते. ऑन्टारियो हॉकी लीग या कॅनडातील कनिष्ठ गटाच्या आइस हॉकी स्पर्धेत १९९८ साली दाखल झालेल्या मिसिसागा आइसडॉग्ज या संघाची पहिली काही वर्षे अशीच तळाशी गेली. पहिल्या हंगामात ६८ सामने झाले आणि त्यांतले ४ जिंकले, ६१ हरले, ३ बरोबरीत सुटले. दुसऱ्या हंगामात विजयांची संख्या ९ वर गेली. आता गाडी रुळावर येणार असे वाटू लागावे, तोच तिसऱ्या हंगामात ती ३ वर घसरली. तीन वर्षांत २०४ सामने आणि १६ विजय असा हा हिशेब आहे.

मिसिसागा हे टोरोंटोला खेटून असलेले मोठे शहर आहे. टोरोंटोचा म्हणून ओळखला जाणारा पिअरसन विमानतळही खरे तर याच शहराच्या हद्दीत येतो, आणि कॅनडात आलेल्या अनेक मराठी कुटुंबांचा पहिला पत्ता मिसिसागाचा किंवा शेजारच्या ब्रॅम्प्टनचा असतो. मी त्यांच्यापैकीच एक. आइसडॉग्जचे ते हंगाम मी पाहिलेले नाहीत. मी इथे आलो तेव्हा तो संघ शहर सोडून गेलेला होता. मात्र ज्या स्टेडियममध्ये ते सगळे घडले ते अजून उभे आहे, त्याच्या दारापर्यंत नेणाऱ्या रस्त्याला ‘रोझ चेरी प्लेस’ असे नाव आहे, आणि या रोझबाई कोण हे विचारल्यावाचून मला राहवले नाही.

रोझ या डॉन चेरी यांच्या पत्नी. १९९७ साली त्या वारल्या, आणि पुढच्याच वर्षी चेरींच्या पुढाकाराने हा संघ मैदानात, म्हणजे बर्फावर, उतरला. चेरी हे नाव कॅनडात सांगावे लागत नाही. खेळाडू म्हणून नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या सर्वांत वरच्या व्यावसायिक लीगमध्ये, ते अवघा एक सामना खेळले. पुढे १९७०च्या दशकात त्याच लीगमधल्या बोस्टन ब्रुइन्सचे प्रशिक्षक म्हणून गाजले. आणि त्यानंतर जवळपास चार दशके दर शनिवारी रात्री दूरचित्रवाणीवर, गळ्याला घट्ट बसणाऱ्या उंच कॉलरचा शर्ट आणि पडद्याच्या कापडातून शिवल्यासारखे दिसणारे भडक कोट घालून, हॉकी कशी खेळावी हे देशाला ऐकवत राहिले. संघाचे बोधचिन्हसुद्धा त्यांच्या ‘ब्लू’ नावाच्या बुल टेरियर कुत्र्यावरून घेतलेले होते. इतक्या ठाम मतांचा माणूस मालकांमध्ये असल्यावर संघ निदान कंटाळवाणा तरी होणार नाही, अशी अपेक्षा होती, आणि ती पूर्ण झाली असे म्हणायला हरकत नाही.

त्यांच्या मतांपैकी एक संघाला फारच महागात पडले. या लीगमध्ये प्रत्येक संघाला मोजके परदेशी, बहुधा युरोपीय, खेळाडू घेता येतात. कॅनडातल्या मुलांच्या जागा बाहेरच्यांनी अडवू नयेत, असा चेरींचा आग्रह असल्यामुळे आइसडॉग्जने सुरुवातीला ही सवलत वापरलीच नाही. आधीच दुबळ्या संघाने हातातले दोन हुकमी पत्ते आपण होऊन खाली ठेवावेत, यातला ताठपणा दुरून पाहणाऱ्याला मनोरंजक वाटतो. पुढे हा नियम त्यांनी सोडला.

सगळा दोष एका हट्टावर टाकणे मात्र सोपे आणि अन्यायाचे होईल. नवा संघ मुळातच हरण्यासाठी जन्माला येतो, आणि तशी व्यवस्था नियमांनीच केलेली असते. जुने संघ आपापले चांगले खेळाडू राखून ठेवतात आणि उरलेल्यांतून नव्याने निवड करायची असते. बाकीची भरती दरवर्षीच्या ड्राफ्टमधून, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्यातून, होते, आणि त्यातली मुले असतात पंधरा-सोळा वर्षांची. या वयोगटाच्या हॉकीत सोळा वर्षांचा मुलगा एकोणीस-वीस वर्षांच्या तरुणासमोर उभा ठाकतो. त्या तीन-चार वर्षांत हाडामांसाचा जो फरक पडतो, तो मैदानाच्या कडेच्या फळीवर आपटल्यावरच कळावा असा असतो. मी काचेलगतच्या रांगेत बसून हे पाहिले आहे. धडक बसते तेव्हा काच पाठीमागे वाकते आणि परत येते, फळीचा आवाज छातीत उमटतो, आणि मग त्या काचेवर अजून दाढीही न फुटलेल्या गालाचा एक ओलसर ठसा राहतो.

ही मुले बहुधा घरापासून दूर, त्या गावातल्या एखाद्या कुटुंबाकडे राहतात. सकाळी शाळा, दुपारी सराव, आणि सप्ताहाच्या अखेरीस बसने सामने. सडबरी टोरोंटोपासून सुमारे चारशे किलोमीटरवर, सू सेंट मेरी जवळजवळ सातशे. भर जानेवारीत तिथे जाऊन धुव्वा उडवून घ्यायचा, ओली उपकरणे पिशवीत कोंबायची, आणि रात्रभर बसमध्ये पेंगत परत यायचे. पहिल्या हंगामात आइसडॉग्जच्या मुलांनी हे ६१ पराभवांच्या हिशेबाने केले.

नव्या संघाला वेळ द्यायला हवा, हे वाक्य अशा प्रसंगी सर्रास ऐकू येते, आणि मला ते पटत नाही. आपल्याकडे २०११ साली आयपीएलमध्ये पुणे वॉरियर्स आला, तीन हंगाम तळाशी घुटमळला आणि मोडला. पण तिथले खेळाडू वयाने मोठे होते, मोबदला घेत होते, आणि पुढच्या लिलावात दुसरीकडे गेले. कनिष्ठ हॉकीत मुलाची सारी कारकीर्दच तीन-चार हंगामांची असते. संघाची घडी बसायला पाच-सहा वर्षे लागत असतील, तर १९९८ साली सोळा वर्षांचा असलेला मुलगा ती बसण्यापूर्वीच वयाने बाद होतो. मालक थांबू शकतात, शहर थांबू शकते. त्या मुलाकडे थांबायला काहीच नसते. संयम मालकांच्या नावावर जमा होतो आणि किंमत भलतेच कोणी मोजते.

हरण्याचे एक बक्षीस असते, ते म्हणजे ड्राफ्टमधली पहिली निवड. १९९९ साली आइसडॉग्जने ती वापरून जेसन स्पेझा या मुलाला घेतले. तो मिसिसागातच वाढलेला, आणि आदल्या हंगामात पंधराव्या वर्षीच ब्रॅम्प्टनकडून खेळलेला होता. घरचा मुलगा घरच्या संघात आला, इथून कथा नेहमीच्या वळणाने जायला हवी होती. पण २०००च्या नोव्हेंबरात संघाने त्याला विंडसरला देऊन टाकले. तो पुढे नॅशनल हॉकी लीगमध्ये हजाराहून अधिक सामने खेळला. चौथ्या हंगामात, २००१-०२ साली, चेरी स्वतःच प्रशिक्षक म्हणून उभे राहिले, आणि संघाने ११ सामने जिंकले. ब्रुइन्सला कुठल्या कुठे नेणाऱ्या माणसाला पोरांकडून अकरा विजयांपलीकडे काही काढता आले नाही, यावरून दुबळ्या संघात प्रशिक्षकाचे वजन किती असते, याचा अंदाज यावा.

मग २००४ साली हाच संघ लीगच्या अंतिम फेरीत पोहोचला. त्यात पॅट्रिक ओ’सलिव्हन होता, २००१च्या ड्राफ्टमधली आइसडॉग्जचीच पहिली निवड. २००४च्याच जानेवारीत त्याच्या नावावर लागलेल्या गोलने अमेरिकेने कॅनडाला हरवून कनिष्ठ गटाचे जगज्जेतेपद मिळवले होते. तो गोल खरे तर कॅनडाच्या गोलरक्षकाने टोलवलेली पक, म्हणजे या खेळातली रबरी चकती, त्याच्याच बचावपटूवर आपटून आत गेल्यामुळे झाला, पण नोंद ओ’सलिव्हनच्या नावावर झाली. परदेशी खेळाडूंना दार बंद ठेवणाऱ्या संघाचा सर्वांत मोठा मोहरा अमेरिकेच्या पोशाखात कॅनडाला हरवून आला, ही गंमत चेरींना कशी वाटली असेल कोण जाणे. अंतिम फेरीत ग्वेल्फने आइसडॉग्जना सपशेल हरवले. त्या रात्री बर्फावर असलेल्यांत पहिल्या हंगामाचा मार खाल्लेले कोणी असणे वयाच्या हिशेबाने जवळजवळ अशक्यच होते.

प्रेक्षकही कधी म्हणावे तसे जमले नाहीत. ऑन्टारियोतल्या किचनर, लंडन, पीटरबरो अशा गावांत कनिष्ठ संघ हाच गावाचा संघ असतो. टोरोंटोच्या उपनगरात मात्र नॅशनल हॉकी लीगमधला टोरोंटोचा संघ मेपल लीफ्स सगळे लक्ष खाऊन टाकतो. शिवाय आमच्यासारख्या बाहेरून आलेल्यांना बर्फावरचा हा खेळ समजायला वेळ लागतो, आणि तो समजावून घ्यावा असे आम्हाला कोणी मनापासून बोलावले होते असेही नाही. २०१९च्या नोव्हेंबरात चेरींनी, युद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मृतिदिनाचे खसखशीचे फूल छातीवर लावत नाहीत म्हणून, स्थलांतरितांना दूरचित्रवाणीवरून खडसावले. त्यात आपल्या मिसिसागाचाही उल्लेख केला, आणि त्यापायी त्यांचा कार्यक्रम गेला. ज्या शहराला त्यांनी संघ दिला होता, त्याच शहरातल्या आम्हा लोकांवर ते रागावले होते.

आइसडॉग्ज २००७ साली सेंट कॅथरिन्सला गेले आणि आता नायगारा आइसडॉग्ज म्हणून खेळतात. त्यांच्या जागी टोरोंटोहून सेंट मायकल्स मेजर्स मिसिसागात आले, २०१२ साली त्यांचे स्टीलहेड्स झाले. १९९८ सालीच जन्मलेल्या ब्रॅम्प्टन बटालियनचीही पहिल्या वर्षी दाणादाण उडाली होती, पण ‘ट्रिव्हिअल पर्सूट’ या प्रश्नोत्तरांच्या बैठ्या खेळाचे एक निर्माते स्कॉट अ‍ॅबट यांच्या मालकीच्या त्या संघाने दुसऱ्याच हंगामात बाद फेरी गाठली. तोही २०१३ साली नॉर्थ बे या गावी निघून गेला. २०२४ साली स्टीलहेड्सनी मिसिसागा सोडून ब्रॅम्प्टन गाठले, त्यामुळे सध्या ब्रॅम्प्टनकडे मिसिसागाचा जुना संघ आहे आणि मिसिसागाकडे या लीगमधला कोणताच नाही.